एका चुलीची नोकरी

धरणाची भिंत उंच करायची ठरली, तेव्हा करंजवाडीत एक साहेब चुली मोजायला आला होता. माणसं खोटं बोलतात, चूल बोलत नाही, असा त्याचा हिशेब. जितक्या चुली तितकी कुटुंबं, आणि बुडणाऱ्या कुटुंबामागे भरपाईत एक नोकरी. ही बातमी साहेबाच्या आधीच वाडीत पोचली होती. ज्याच्या घरी दोन पोरगे, त्याने अंगणात तीन धोंडे मांडून धाकट्याची चूल पेटवली, वर शेजारची राखही आणून टाकली. बनूबाईने मात्र कोणाचं ऐकलं नाही. आय जिवंत असताना भावांची चूल फोडायची नाही, हा तिच्या सासूने घालून दिलेला नियम. "मी मेल्यावर फोडा," ती म्हणाली. साहेबाने तिच्या घरात एक चूल पाहिली, एक आकडा टाकला आणि तिच्याच हातचं पाणी पिऊन निघून गेला.

पुढे वाडी बुडाली. भाताची खाचरं गेली, गावदेव गेला, बनूबाईच्या नवऱ्याला पुरलं होतं तो माळही गेला. अंबरनाथपासून पार खाडीपर्यंतच्या शहरांना पाणी मिळालं. समारंभात एक पुढारी म्हणाला, तुमच्या त्यागावर देश उभा आहे. बनूबाईचा थोरला मुलगा सुकऱ्या मांडवाच्या मागच्या बांबूला टेकून ऐकत होता. देश आपल्या उरावर उभा आहे हे त्याला पटलं, पण तो उतरणार कधी, हे विचारायची तिथे सोय नव्हती.

नोकरी धाकट्या रघुला मिळाली, कारण तो दहावी झालेला. अंबरनाथच्या बुवापाड्यात पाण्याच्या लाइनचा चावीवाला. लांब दांड्याची लोखंडी चावी खड्ड्यात घालायची, व्हॉल्व्ह फिरवायचा, या गल्लीला पाणी, मग त्या गल्लीला. वाडीला शिरगावच्या पलीकडे पत्र्याची घरं मिळाली होती, तिथून तो रोज जायचा. सुकऱ्या नाक्यावर बिगारीला उभा राहायचा. पगार एकाच चुलीत येत होता तोवर सुकऱ्याने तोंडातून ब्र काढला नाही. होळीनंतर मात्र रघुने बुवापाड्यात खोली घेतली, बायकोला नेलं, आणि थोरल्याला तोंडावर सांगितलं, "दादा, नोकरी माझी आहे. मी किती वर्षं दोन घरं ओढू?"

बनूबाईने त्या दिवसापासून अन्न जवळजवळ सोडलंच. घास तोंडाशी न्यायची आणि खाली ठेवायची. वैशाखातल्या एका सकाळी ती उठताना कोलमडली. सुकऱ्याने तिला अंथरुणावर निजवलं, कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली, पातं ठोकून काढलं आणि नुसता दांडा हातात घेतला.

"कुठं चालला?" त्याच्या बायकोने, चंद्रीने, वाट अडवली.

"रघुला आणतो. नाय आला तर हात तोडून येतो. मग बघू चावी कोन फिरवतो."

चंद्रीला वाटलं, रागाच्या भरात बोलतोय. तिने वाट सोडली.

सुकऱ्या बुवापाड्यात रिक्षातून उतरला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती. धरण आटलेलं, पाणी दिवसाआड सोडायचा हुकूम वरून आलेला, आणि या गल्लीला तेही तीन खेपा चुकलेलं. नळाला कान लावला तर नुसती हवा फुसफुसत होती. हंडे, कॅन, पिंपं रस्त्यावर मांडून लोक उभे होते आणि मधोमध रघु खड्ड्यात वाकून चावी फिरवत होता.

"टँकरवाल्याला विकतो साला," एक पोरगा म्हणाला.

"माझी सून बाळंतीण आहे," सुंदराबाई नावाची म्हातारी रिकामा हंडा आपटत म्हणाली. "चार दिवस पोराचे कपडे धुतले नाहीत. बोल की रे, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?"

"मावशी, फिरवली चावी," रघु मान वर न करता म्हणाला. "लाइन रिकामी आहे, भरायला वेळ लागेल. जरा दम धरा."

दम धरायची कोणाची तयारी नव्हती. पण अजून कोणी हातही उगारला नव्हता. सुकऱ्याच्या हातातला दांडा पाहून एकाने दुसऱ्याला बाजूला ओढलं. "भाऊला जाऊ दे पुढे," तो म्हणाला, आणि पाहुण्याला वाट द्यावी तशी सगळ्यांनी त्याला वाट दिली.

रघुचा उजवा हात चावीवर होता. सुकऱ्याने दांडा दोन्ही हातांनी उचलला आणि त्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. रघुने वर पाहिलं.

"दादा?" तो म्हणाला.

तेवढ्याचीच वाट पाहत असल्यासारखे लोक तुटून पडले. एकाने त्याला केसाला धरून खड्ड्यातून उपसलं, दुसऱ्याने पोटात लाथ घातली. सुंदराबाईने हंड्याचा काठ त्याच्या कपाळावर हाणला. कोणीतरी तीच लोखंडी चावी उपसून त्याच्या पाठीत घातली, बरगड्यांत घातली, आणि रघु आधी ओरडत होता तो नंतर नुसता घशातून आवाज काढायला लागला. सुकऱ्याला मागे ढकलून माणसं पुढे घुसत होती. तो भिंतीला टेकला. आणि तिथे टेकल्या टेकल्या त्याच्या मनात आलं, की हा मेला तर नोकरी परत घरात येईल.

तो विचार त्याला नकोसा वाटला नाही, उलट बरा वाटला. हेच त्याला पुढे आयुष्यभर खाणार होतं. तो उभा राहिला आणि बघत राहिला. रघुचा एक डोळा रक्ताने बुजला होता, दुसरा उघडा होता, आणि तो पायांच्या जंगलातून थेट सुकऱ्याकडे लागला होता.

मग सुकऱ्या ओरडत आत शिरला. दोघांना त्याने दांड्याने पाडलं, एकाच्या हाताचा चावा घेतला आणि भावावर पालथा पडला. चावी आता त्याच्या पाठीवर पडू लागली. एक कान फाटला, तोंडात दातांचे तुकडे आले. खाली रघु हलत नव्हता. आता दोघेही जाणार, असं सुकऱ्याला वाटलं.

"आलं गं, आलं," गल्लीतून एक बाई ओरडली.

लाइन भरली होती. क्षणात मार थांबला. ज्याच्या हातात चावी होती त्याने ती टाकली आणि पिंप उचललं. सुंदराबाई हंड्याचा रक्त लागलेला काठ पदराने पुसत नळाकडे धावली. एका फुटक्या जोडातून पाणी उडून रस्त्यावर वाहायला लागलं आणि त्या दोघांच्या अंगाखाली शिरलं. ते त्यांच्या वाडीवरचंच पाणी होतं. सुकऱ्याने ओंजळीत घेऊन रघुच्या तोंडात घातलं, तेव्हा रघु खोकला.

रघु वाचला. उजवा हात मात्र कोपराखाली कायमचा गेला, असं डॉक्टरने सांगितलं. पाणीखात्याचा माणूस दवाखान्यात येऊन म्हणाला, चावी आता याच्याने फिरायची नाही, पण घरातल्या दुसऱ्या कोणाला घेता येईल. बनूबाई खाटेजवळ फरशीवर बसली होती. सगळ्या वॉर्डाला ती एकच गोष्ट सांगत होती.

"माजा सुकऱ्या वर आडवा पडला म्हनून ह्यो वाचला. त्यालाच द्या साहेब. घर येकच हाय आमचं."

हवालदार जबाब घ्यायला आला. "मारणाऱ्यांतला कोणी ओळखतोस?" त्याने रघुला विचारलं.

रघुने सुकऱ्याकडे पाहिलं.

"कोनालाच नाय," रघु म्हणाला.

हवालदार दाराकडे वळला. सुकऱ्या खाटेवर वाकला, त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण रघुच आधी हळूच बोलला. "नोकरी घे. आयला जेवायला घाल. पन यापुढं मी तुला दादा म्हननार नाय."

सुकऱ्या सरळ झाला. चंद्रीला त्याच्या चेहऱ्यावरून बेत कळला असावा, कारण तिने त्याचा सदरा मुठीत धरला. बनूबाई त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. आज कित्येक दिवसांनी तिने सकाळी भाकरी खाल्ली होती. त्याने चंद्रीची मूठ सोडवली आणि दारात हवालदाराला गाठलं.

"पयला दांडा माजा व्हता," तो म्हणाला. "त्याच्या हातावर. माज्यामुळंच बाकीच्यांनी हात उचलला."

हवालदाराने त्याच्या फाटक्या कानाकडे आणि पट्ट्यांकडे पाहिलं. "तू कोण त्याचा?"

सुकऱ्याने मागे खाटेकडे पाहिलं. रघुने तोंड भिंतीकडे केलं होतं.

"त्यालाच इचारा," सुकऱ्या म्हणाला.