मधल्या बोटाचं अंगुस्तान

"टोचलं?"

"टोचलं."

"आता?"

"टोचलं म्हणतोय ना!" शिंपीमास्तर डोळे मिटूनच चिडले. 'नाही' म्हटलं की ही पोरगेली डॉक्टरीण शिवण बंद करायला सांगणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"मास्तर, डोळे उघडा."

डॉक्टरीणबाईंचे हात स्वतःच्या मांडीवर होते. टाचणी केव्हाची टेबलावर पडली होती. मास्तरांचे कान तापले.

"चार महिने झाले. रोज तेल चोळतोय, शेकतोय. हे मधलं बोट काही शुद्धीवर येत नाही!"

"बोट बिचारं ठीक आहे. बिघाड मानेत आहे."

"घ्या! दाखवलं बोट, धरली मान!" मास्तर भिंतीला म्हणाले.

बाईंनी पेन काढलं आणि मानेपासून दंडामागून बोटापर्यंत निळी रेघ ओढली. "मणक्यांच्या फटींतून नसा निघतात. प्रत्येकीला कातडीचा एकेक पट्टा नेमून दिलेला. ही मानेतली सातवी. कोपर ताठ करायचा जोरही मुख्यतः हिचाच. हात ताठ करून मला लोटा."

मास्तरांनी लोटलं. हात मध्येच ढेपाळला. म्हणजे इस्त्री दाबली जात नव्हती ती यामुळे! आणि शिव्या खात होती इस्त्री.

ते रेघेकडे बघत राहिले. अख्खा देह पट्ट्यापट्ट्यांनी बेतलेला, आणि शिवण कुठेच दिसू दिलेली नाही! त्या वरच्या कारागिराला त्यांनी मनोमन हात जोडले आणि लगेच भांडणही काढलं. 'चाळीस वर्षं मान खाली घालून काम केलं, ते नाही का रे दिसलं तुला?'

"लेकीच्या कोटाची तीन काजं राहिलीत. सोमवारी ती नोकरीवर रुजू होणार."

"मान वाकवायची नाही. तूर्त सुई बंद."

घरी येऊन मास्तर कोट घेऊन बसलेच. पण सुई रेटायचं अंगुस्तान सापडेना. खण उपसले, डबे उलटे केले.

"अगं, माझ्या वस्तूंना हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं!"

बायको जवळ आली. तिनं त्यांचा उजवा हात उचलून त्यांच्याच डोळ्यांसमोर धरला. आल्या आल्या सवयीनं घातलेलं अंगुस्तान मधल्या बोटावरच होतं.

मास्तरांनी ते काढलं, सदऱ्याला पुसलं आणि तिच्या बोटात घातलं.

"सैल होतंय हो."

"आत चिंधी घाल," ते म्हणाले, कोट तिच्याकडे सरकवला आणि मान ताठ ठेवून तिच्यासमोर बसले. "आणि दोरा फार लांब घेऊ नकोस."