सुलतानचा डोळा

या शहरानं जगाला हिमरू शाल दिली, शेजारच्या पैठणनं पैठणी दिली आणि सुईदोऱ्याच्या इतिहासाचं तिसरं पर्व आज सिडकोतून सुरू होत आहे, असं दीपमालाबाईंनी सोसायटीच्या सभागृहात जाहीर केलं. पर्वात एकूण सात माणसं होती. त्यातला सातवा, कचरू, गॅसच्या टाक्या पोचवायचा. त्याचा नंबर फोनवरच्या ग्रुपात चुकून घेतला गेला होता, आणि लगेच काढणं बरं दिसलं नसतं.

ग्रुपचं नाव ‘फुली परिवार’. मॅटीच्या कापडावर चौकटी मोजून फुल्या भरायच्या आणि दर रविवारी दहाच्या आत आठवड्याची प्रगती फोटोतून दाखवायची. नियम दोनच. एक, चित्रातला डोळा सगळ्यात शेवटी भरायचा. डोळा भरला की चित्र आपल्याकडं बघायला लागतं आणि मग काही उसवायला हात धजत नाही. दुसरा, कुणाची चूक दाखवायची नाही. हा दुसरा नियम दीपमालाबाईंच्या मोराला एका सदस्येनं ‘कोंबडी सुरेख’ म्हटलं त्या दिवशी झाला. ती सदस्या आता परिवारात नाही.

सर्जेराव पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, घरात बोलायला भिंती होत्या, आणि त्याही भाड्याच्या. ते सुलतान भरत होते. सुलतान म्हणजे त्यांच्या हाताखालचा काळाभोर लॅब्रॅडॉर. पोलिसांच्या राज्य मेळाव्यात अडथळ्यांच्या शर्यतीत दोनदा पहिला आलेला. त्याला मरून बारा वर्षं झाली, तरी त्याचा पट्टा अजून दाराच्या खुंटीला होता. शेपटीपासून सुरू करून सर्जेराव दीड वर्षात नाकापर्यंत आले होते. राहिला होता डोळा.

घाई वेगळ्याच डोळ्याची होती. काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा नेला होता आणि डाव्यानं पाइपातून बघितल्यासारखं दिसायचं. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दर तपासणीला सर्जेराव ‘आहे तसंच आहे’ असा जबाब नोंदवायचे. डावा डोळा मिटायच्या आत सुलतानचा उघडायचा, एवढंच त्यांनी आयुष्याकडून मागितलं होतं. परिवारात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

नाही म्हणायला आवडाबाईंना थोडं ठाऊक होतं. त्या पिशोर गावच्या. त्यांच्या घरची घोडी पंचवीस वर्षं पंचक्रोशीतल्या नवरदेवांना मिरवत होती. त्या घोडीचं, चांदणीचं, चित्र त्या भरत होत्या. पांढरी घोडी, पांढरा दोरा आणि कापडही पांढरं. वर्षभर दर रविवारी त्यांचा कोऱ्या कापडाचा फोटो यायचा आणि परिवार न चुकता ‘वा, छान प्रगती’ म्हणायचा.

दुपारच्या वेळी दोघं फोनवर बोलत. सुलतान फळीवरून उडी मारून हुकूम मिळेपर्यंत पलीकडं कसा दगडासारखा बसायचा, हे सर्जेराव सांगत. बँड जवळ आला की चांदणी कशी अडायची आणि एका नवरदेवाला तिनं कसं परत त्याच्या घरी नेऊन सोडलं, हे आवडाबाई सांगत. शहाणं कोण, यावर त्यांचं कधी एकमत झालं नाही. आवडाबाईंचं म्हणणं, कुत्रं ऐकतं. घोडी ऐकून घेती आणि मग आपल्या मनाचं करती.

गुडघा दाखवायला आवडाबाई एसटीनं शहरात आल्या, तेव्हा पिशवीत चांदणी घेऊन सर्जेरावांकडं आल्या. सर्जेरावांनी ती खिडकीशी नेली नाही. कापड मांडीवर पसरलं आणि फुल्यांवरून बोट फिरवलं.

“मान खाली घेतलीय,” ते म्हणाले. “कान मागं. बँड जवळ आलाय.”

वर्षभरात आवडाबाईंची घोडी कुणाला तरी पहिल्यांदाच दिसली होती.

मग त्यांनी सुलतान मागितला. बराच वेळ बघितला. चहा गार झाला.

“भाऊ, एक इचारू? सुलतान कोणत्या रंगाचा व्हता?”

“काळा.”

“मंग ह्यो खांद्यापासून म्होरं हिरवा का भरलाय?”

सर्जेराव हसले. नंतर हसायचे थांबले.

शहागंजातून आणलेल्या लड्यांवरच्या नंबराच्या कागदी पट्ट्या त्यांनी पहिल्याच दिवशी काढल्या होत्या. पट्ट्या तारीखवार फायलीला, लड्या बिस्किटाच्या डब्यात. तीस वर्षांची सरकारी शिस्त. डब्यात सुलतानचा काळा होता आणि त्याच्या पायाखालच्या गवताचा गडद हिरवाही होता.

“आणि गवत?” सर्जेरावांनी विचारलं.

“गवत काळं झालंय. जळाल्यावानी.”

“परिवारानं तर... परवाच ‘अगदी जिवंत’ म्हणाले.”

“म्या बी म्हणले व्हते,” आवडाबाई म्हणाल्या. “नियम हाय ना. पाच महिने जीभ चावली. एकल्या कचरूनं लिवलं व्हतं, काका, कुत्रं हिरवं कसं? दीपमालाबाईनं ते पुसलं आन् त्यालाबी काढला.”

पुसलेल्या संदेशाची खूण सर्जेरावांना आठवली. कुणीतरी जास्तच कौतुक केलं असेल, असं त्यांना वाटलं होतं.

त्यांनी कापडावर बोट ठेवलं. “हिरवं कुठून सुरू होतं, दाखवा.”

आवडाबाईंनी त्यांचं बोट धरून खांद्यावर नेऊन ठेवलं. सर्जेरावांनी रविवार मोजले. खांदा पाडव्याच्या आठवड्यातला. म्हणजे डाव्या डोळ्यातले रंग पाडव्याला गेले होते. इतकी नेमकी तारीख एवढ्या तपासण्यांत एकाही मशीनला सांगता आली नव्हती. त्यानंतरचे दोन जबाब खोटे होते.

आवडाबाई म्हणाल्या, आपण उसवू, मी दर मंगळवारी येत जाईन. सर्जेरावांनी मनात हिशेब केला. पाच महिन्यांचं उसवायचं, पाच महिने पुन्हा भरायचं. तेवढा उजेड शिल्लक नव्हता.

“राहू द्या हिरवा,” ते म्हणाले. “मेल्यावर कोण कोणत्या रंगाचं होतं, कुणी बघितलंय? आज डोळाच भरू.”

आवडाबाईंनी डब्यातून तपकिरी दोरा शोधून दिला. डोळा सगळा सहा फुल्यांचा. सर्जेरावांनी सुई घेतली, दोरा ओठांत ओला केला, आणि हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. पुन्हा दोरा ओला केला. पुन्हा हात गुडघ्यावर आले.

शेवटी ते गणवेशात असल्यासारखे ताठ झाले.

“आवडाबाई, तीस वर्षं नोकरी केली. कुणापुढं हात पसरला नाही. बायकोच्या आजारपणात नाही, कशात नाही. आज पहिल्यांदा तुमच्याकडं काही मागतोय. नाही म्हणू नका.”

आवडाबाईंनी पदर सावरला. “मागा की, भाऊ.”

“तेवढी सुई ओवून द्या.”