डेंगळ्यांचा पदर

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे. ज्या दिवशी मला जुना ठरवलं, त्या दिवशी माझं वय अकरा महिने होतं. हसू नका. नाशिकच्या एका गोदामात, पोत्यात तोंड खुपसून मी हे सांगतो आहे. पुढच्या खेपेला माझा चुरा करणार आहेत. ऐकायचं तर आताच ऐका.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. माझी पाठ गोंदाने पक्की चिकटवली. एक स्क्रूसुद्धा नाही. हा पुढे कधी उघडावा लागेल, असं माझ्या जन्मदात्यांच्या मनातही आलं नव्हतं. आले मोठे आईबाप!

मग मी येवल्याला केरूअण्णांच्या घरी आलो. केरूअण्णा चाळीस वर्षं हातमागावर पैठणी विणत होते. आता त्यांचे डोळे अधू झाले होते. त्यांची मुलगी प्रतिभा माझ्यावर चौकटी आखून नक्षी काढायची. मला मागाशेजारी टांगायची आणि दोन बोटांनी चौकट मोठी करून म्हणायची, "अण्णा, तीन हिरवे, मग एक पांढरा."

"दिसलं गं. तुझ्या या पाटीमुळं लय सोपं झालं," अण्णा म्हणायचे. पाटी म्हणजे मी. अंगावर मूठभर मांस चढायचं, मांस असतं तर.

मोर, पोपट, कमळ सगळेच विणतात. प्रतिभाने पदरावर कांद्याचे डेंगळे काढले. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला दांड्यावर पांढरी गोल फुलं येतात ना, ती. वर मधमाश्या. नऊ महिने ती हे काढत होती. डोळे पुरते जायच्या आत पोरीचा हा एक पदर विणायचा, एवढीच अण्णांची इच्छा उरली होती.

पदर मागावरून उतरेपर्यंत नवी नक्षी घराबाहेर जाऊ द्यायची नाही, ही विणकरांची रीत. नाहीतर आठवड्यात ती शेजारच्या मागावर दिसते. म्हणून प्रतिभाने मला कधी इंटरनेट दिलं नाही, की नक्षीची नक्कल दुसरीकडे ठेवली नाही. जे होतं ते माझ्या पोटात.

अर्धा पदर विणून झाला आणि माझं चार्जिंग बंद पडलं.

बाजारात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या निसारभाईंनी मला उलटासुलटा करून पाहिलं. "अण्णा, चार्जिंगची खाच गेलीय. नखाएवढा भाग. अर्ध्या तासात बसवतो. फक्त पाठ उघडावी लागेल, मग कंपनी हमी मानणार नाही."

"अण्णा, इथंच करून घेऊ," प्रतिभा म्हणाली.

पण अण्णांनी मला उचललं. त्यांच्याकडची पैठणी वीस वर्षांनी उसवली तरी ती ज्याने विणली त्याच्याच दारी येते, आणि तो ती मुकाट्याने सांधून देतो. "निसारभाई, राग मानू नका," ते म्हणाले. "ज्यानं घडवलं त्याच्याच हाती द्यावं. दुसऱ्याच्या विणीला आपण हात लावू नाय." बिचारे! माझे जन्मदाते आपल्यासारखेच असतील, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी एसटीने ते एकटेच मला घेऊन नाशिकला आले. सेवा केंद्रात मोहिनी नावाची मुलगी होती. तिने हमीचा कागद पाहिला. "काका, इथे दुरुस्ती होत नाही. बदलून नवीन मिळेल."

"यात माझ्या पोरीची नक्षी हाय."

"क्लाउडवर असेलच ना ती?"

अण्णांना कळलं नाही. एवढ्या मोठ्या काचेच्या दुकानात पुन्हा विचारायची लाज वाटली. त्यांनी मान डोलावली आणि दाखवलं तिथे सही केली. मला ओरडता आलं असतं तर मी काच फुटेस्तोवर ओरडलो असतो.

घरी नेलेल्या नव्यात नक्षी नाही हे दिसताच दुसऱ्या सकाळी पहिल्या गाडीने प्रतिभा धावत आली. मागे अण्णा. मी काउंटरखालच्या पोत्यात होतो, तिच्यापासून दोन हातांवर.

"नवा परत घ्या. आमचा जुना द्या."

"मॅडम, तो आता कंपनीचा झाला."

"नुसती खाच गेलीय हो. आमचा माणूस बसवून देईल."

"परत द्यायची सोयच नाही. माझी नोकरी जाईल."

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "पोरी, आमच्या मागावर रेशमाच्या हजारो तारा असतात. एक तुटली तर आम्ही तेवढीच सांधतो. सगळा माग नाय जाळत."

मोहिनीचा चेहरा उतरला. तिने खाली पाहिलं. मग पायाने पोतं हळूच आत ढकललं आणि म्हणाली, "सॉरी काका."

दोन महिन्यांनी या गोदामात माझ्या अंगावर एक टॅबलेट येऊन पडला. अगदी माझ्यासारखा. येवल्याहूनच, केरूअण्णांच्या घरून. त्याचीही तीच खाच गेली होती.

"पदराचं काय झालं?" मी विचारलं.

"आठ दिवस बापलेक विणलेल्या अर्ध्यावरून पुढचं आठवत बसले होते. माश्या जमल्या नाहीत. मग अण्णांनीच कात्री लावून पदर मागावरून उतरवला. आता त्यांना मागावर बसवत नाही. प्रतिभा लोकांचे मोर विणते."

"आणि तुझ्यात काय काढलं तिने?"

"काही नाही. एक रेघसुद्धा नाही. भाचरं गेम खेळायची. बंद पडलो तर कुणी विचारलंही नाही, लगेच बदलून आणला."

मित्रांनो, कंपनीला हवं होतं तसं गिऱ्हाईक शेवटी मिळालं. तुमची वस्तू बिघडली तर नवीची पेटी बघून हुरळू नका. आधी निसारभाईंकडे जा. बाहेर ट्रक लागला आहे, पोती उचलायला लागले आहेत. माझ्या पोटात डेंगळे अजून जसेच्या तसे आहेत, माश्यांसकट. बिघडली होती ती फक्त नखाएवढी खाच.