हुकावरची पांढरी पूड

अक्कांचा हूक सोमवारी सकाळी खणातून गायब झाला आणि बुधवारी आपल्या पायांनी परत आला. परत आला खरा, पण तोंड फिरवून. चाळीस वर्षं तो भिंतीकडे तोंड करून झोपत होता. आता खिडकीकडे बघत पडला होता.

अक्का वेताच्या खुर्च्या विणायच्या. वेताची पट्टी भोकातून ओढून घ्यायला हा हूक. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या नवऱ्याने तो छत्रीच्या काडीचा केला, पितळी मूठ बसवली आणि मुठीत एका बाजूला अंगठ्यापुरती खोलगट जागा कानशीने घासून दिली. नवरा गेला, हूक राहिला.

अक्कांनी तो डाव्या हातात घेतला. खोलगट जागेत पांढरी पूड. बोटाला घेतली, वास घेतला. पीठ नव्हे, चुना नव्हे, अंगाला लावायची पावडरही नव्हे. मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी सून कामावरून आली. विद्यापीठात एक केंद्र होतं, तिथे नव्या वस्तूंची रचना, यंत्रांवरचं संशोधन आणि मुलांचं प्रशिक्षण चालायचं. ती तिथे शिकवायची. तिने पिशवी खुंटीला अडकवली. पिशवीच्या काळ्या चेनवर तीच पांढरी पूड.

"काय गं सूनबाई, भिंतीकडे तोंड करून झोपणारा माझा हूक कुठे हवापालट करून आला?"

"खणातच असेल की, अक्का. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं."

अकरा वर्षांत सून चष्म्यावर घसरली नव्हती. आज घसरली, म्हणजे पाणी मुरत होतं. अक्का "असेल बाई" म्हणाल्या आणि पुढचे तीन आठवडे त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. फक्त बघत राहिल्या. सून दिवसेंदिवस तोंड पाडून घरी येत होती. चोरी पचत नाहीये, असं अक्कांनी मनाशी धरलं.

मग एका सकाळी त्यांनी सुनेच्या पिशवीतला जेवणाचा डबा हळूच काढून ठेवला. अकराच्या सुमारास तोच डबा घेऊन त्या केंद्राच्या दारात हजर. विसरलेला डबा आणणाऱ्या सासूला कुठला रखवालदार अडवणार?

आत लांबलचक खोली. टेबलांना पकडी लावलेल्या, एका काचेच्या पेटीत यंत्र प्लॅस्टिकचा धागा थरावर थर अंथरत होतं, आणि वितळल्या बादलीसारखा वास. पलीकडच्या टेबलावर नऊ निळे हूक ओळीने मांडलेले. एक जाड, एक बारीक, एक लांब. पण मुठीतली ती खोलगट जागा नऊच्या नऊ हुकांवर जशीच्या तशी.

कानावर पेन्सिल खोचलेले सर पुढे आले. केंद्र त्यांच्याच हाताखाली होतं. "या आजी. आमचं काम बघताय?"

"आजी मी नातवंडांची. तुम्ही अक्का म्हणा. हे काय म्हणायचं?"

"वेतकाम शिकणाऱ्यांसाठी नवा हूक करतोय. मूळ अवजार तुमच्या सूनबाईंनी जुन्या बाजारातून आणलं होतं. चकाकतं पितळ यंत्राला दिसत नाही, म्हणून पांढरी पूड फवारून त्याची छबी घेतली." सरांनी उसासा टाकला. "पण मूठ काही केल्या बसत नाही. बाराही शिकाऊंच्या मनगटाला कळ येते. जाडी बदलली, लांबी बदलली, कळ तीच."

हुकांपुढे एक कार्ड होतं. अक्कांनी अक्षर-अक्षर जुळवून वाचलं. पारंपरिक अवजार. कर्ता: अज्ञात. अक्षर सुनेचं.

तेवढ्यात सून आत आली आणि दारातच थबकली.

"अज्ञात कोण गं?" अक्कांनी शांतपणे विचारलं.

"अक्का, बाहेर बोलू या."

"इथेच बोल. ज्याच्या फोटोवरची धूळ तू रोज पुसतेस, तो माणूस अज्ञात?"

सुनेने खाली पाहिलं. "नाव लिहिलं असतं तर संमतीच्या कागदावर तुमची सही लागली असती. दिली असती तुम्ही?"

"नसती दिली."

"म्हणून."

सर एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले.

"आणि मूठ का बसत नाही तेही हिला ठाऊक आहे," अक्का सरांना म्हणाल्या. "अकरा वर्षं समोर बसून चहा पितेय. विचारा, सासू कप कुठल्या हाताने धरते."

"डाव्या," सून पुटपुटली. "सर, ती खोलगट जागा डाव्या अंगठ्याची आहे. पण तसं सांगितलं असतं तर बाजारातल्या हुकाची मालकीण डावखुरी हे मला कसं कळलं, असं तुम्ही विचारलं असतं."

सरांनी एक निळा हूक डाव्या हातात धरून बघितला. "म्हणजे नऊ वेळा आपण यांचाच अंगठा छापला."

"माझा अंगठा फुकटचा नाही," अक्का म्हणाल्या.

त्यांनी सरांच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली, 'अज्ञात' खोडलं आणि डाव्या हाताने नवऱ्याचं नाव लिहिलं, त्याच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ओळ पुरली नाही तेव्हा खाली वळवली. एका अक्षराचा काना राहिला. सुनेला तो दिसला.

सरांनी लगेच संमतीचा कागद पुढे सरकवला.

"एवढी घाई नको. आधी उजव्या हाताचा करा. माझ्या घरी आणा. मग बघू."

पुढच्या आठवड्यात दहावा हूक घरी आला. अक्कांनी तो सुनेच्या उजव्या हातात दिला आणि अर्धवट खुर्ची पुढे ढकलली. "वीण चार रांगा."

सुनेने विणल्या. मनगट दुखलं नाही. वीण मात्र इतकी सैल, की अक्कांनी मान हलवून चारही रांगा उसवल्या. मग संमतीच्या कागदावर सुनेने लिहिलेलं नवऱ्याचं नाव दोनदा तपासलं, कार्डावर राहिलेला काना इथे होता याची खात्री केली आणि सही केली.

सून कामावर गेल्यावर त्यांनी आपला हूक खणात ठेवला. भिंतीकडे तोंड ही खूण आता घरात फुटली होती. म्हणून त्यांनी तो जरासा तिरपा ठेवला आणि खालच्या कागदाचा कोपरा दुमडला. किती दुमडला, ते कुणाला सांगितलं नाही.