दुखरा पाय आधी

"वर चढताना शहाणा पाय आधी, खाली उतरताना दुखरा पाय आधी. एवढं एक डोक्यात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

व्यायामबाई हे सांगून गेली त्याला बरेच दिवस झाले, पण तो आवाज शिवणबाईच्या कानातून जाईना. व्यायामबाई दवाखान्याकडून घरी यायची. जिभेने फटकळ, हाताने मऊ. 'शहाणा' म्हणताना ती शिवणबाईची डावी मांडी थोपटायची आणि उजव्या पायाकडे, जिथे नवा खुबा बसवला होता तिकडे, नुसतं बोट दाखवायची, वर्गातल्या द्वाड पोराकडे दाखवावं तसं. तिच्या मनाईची यादी लांबलचक होती. पायावर पाय टाकायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही, कमरेत फार वाकायचं नाही, पाऊल आत वळवायचं नाही, झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे उशी. यातलं एक जरी मोडलं तरी नवा सांधा निखळायचा, आणि मग पुन्हा टेबल, पुन्हा सुरी.

शिवणबाईचं आयुष्य शिलाई मशीनच्या पायट्यावर गेलं होतं. इमारतीत तिचं खरं नाव कोणी घेत नसे. आणि ती शिवणासाठी जेवढी ओळखली जायची तेवढीच तिच्या नेमासाठी. मुलगा लहान असताना तापाने त्याची मान ताठ झाली होती, डोळे पांढरे झाले होते. त्या वेळी तिने देवाला शब्द दिला की हा वाचू दे, मी रोज दिवे लागले की तासभर तोंडातून अवाक्षर काढणार नाही. मुलगा वाचला. तिचा नेम एकदाही चुकला नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी ती बोटांनीच माप सांगायची, आणि लोक हसून म्हणायचे, "थांबा, शिवणबाई देवाशी बोलतायत, आपला नंबर नंतर."

वाचलेला तो मुलगा मोठा होऊन गॅरेजात मिस्त्री झाला. लग्न झालं, सून घरात आली. आणि बायकोला मारायला त्याने नेमका तोच तास निवडला.

आधी शिवणबाईला वाटलं, गॅरेज त्याच वेळेला सुटतं, दमून येतो, दुसरं काही नाही. पण सुट्टीच्या दिवशीही तोच तास निघाला, तेव्हा तिला कळायचं ते कळलं. त्या तासात आई हाक मारत नाही, शेजाऱ्यांना बोलावत नाही, 'पुरे' म्हणत नाही. तिने कळलेलं तसंच गिळलं. रागात त्याला भान राहत नाही, असं ती स्वतःला सांगायची आणि देवालाही तेच सांगायची.

एका संध्याकाळी त्याने मशीनचा चामडी पट्टा खुंटीवरून काढला. आधी पाठीवर ओढला, मग सुनेच्या गळ्याभोवती टाकून दोन्ही टोकं मागून आवळली. सुनेचे डोळे बाहेर आले, टाचा फरशीवर घासू लागल्या. शिवणबाई उठली, एक शब्द न बोलता मधे शिरली आणि पट्टा धरलेली त्याची बोटं उकलू लागली. त्याने कोपराचा असा तडाखा दिला की ती मागे फेकली गेली. मशीनचा लोखंडी पाय तिच्या खुब्यात बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज तिच्या स्वतःच्या अंगातून आला. तास संपलेला नव्हता. तिने बाही दातांत धरली आणि जमिनीवर पडून राहिली. हाड मोडल्याचा आवाज झाला, पण तिचा झाला नाही.

मुलाने पट्टा टाकला. "आई, आई" करत तो रडला, तिला पाठीवर घेऊन तिन्ही मजले उतरला. दवाखान्यात कोणी काही विचारायच्या आत शिवणबाईनेच सांगून टाकलं, की ओल्या फरशीवर घसरले.

ऑपरेशन झालं. वॉर्डात सून तिच्या उशाशी बसायची, गळ्यापर्यंत बटणं लावून. एकदा पाणी पाजताना कॉलर सरकली आणि गळ्याभोवतीचा काळानिळा वळ दिसला. सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही खरं सांगितलं असतंत तर माझ्यावरही कोणी विश्वास ठेवला असता. माझ्या एकटीचं कोण ऐकणार?"

शिवणबाईने तिचा हात धरला. "मला पायावर उभी राहू दे, पोरी. माझ्या पायांनी मी चौकीत जाईन आणि दोघींचं सांगेन. देवाशप्पथ."

त्या वेळी ती उशीवर मान वळवतानाही कण्हत होती. पुढे तिला जाणवलं की आपण शब्द दिला तो याच भरवशावर, की पाय इतक्यात उभा राहायचा नाही.

घरी आल्यावर मुलाने आईची सेवा अशी केली की शेजारणी आपापल्या पोरांना टोमणे मारू लागल्या. कमोडवर उंच सीट त्यानेच बसवली. वाकावं लागू नये म्हणून टाच बुटात सरकवायची पत्र्याची लांब दांड्याची शूहॉर्न गॅरेजात ठोकून आणली. रोज सकाळी हात घासून धुऊन तो तिच्या खाटेशी बसायचा. एक तळवा टाचेखाली, दुसरा गुडघ्याखाली, आणि पाय हळूहळू पोटाकडे न्यायचा. मान किंचित तिरकी, काहीतरी बारीक ऐकत असल्यासारखी. "अजून थोडं," तो म्हणायचा, "एवढंच." आणि जिथून कळ उठणार, त्याच्या सुतभर अलीकडे त्याचे हात थांबायचे. तिने तोंड वाकडं करण्याची वेळच यायची नाही.

"तुला कसं रे कळतं?" तिने एकदा कौतुकाने विचारलं होतं.

"बॉल जॉइंट आहे आई, गाडीलाही असतो. जोर केला की गेला. बोल्ट आवळताना आटे जायच्या आधी पाना हाताला सांगतो, आता बस. ते कळलं नाही तर मिस्त्री कसला?"

त्याच्या हातांना यश आलं. वॉकर सुटला, काठी आली. घरात कोणी नसताना शिवणबाई ओट्याला धरून पाय बाजूला उचलायची आणि तो तिच्या अपेक्षेपेक्षा वर जायचा. एका दुपारी ती काठीशिवाय खिडकीपर्यंत गेली. खाली गल्लीच्या टोकाला औषधांच्या दुकानाशेजारी चौकीची निळी पाटी दिसली आणि ती काठी घ्यायला मागे फिरली. पाय बरा झाला म्हणजे शब्दाची मुदत भरली.

व्यायामबाई आली तेव्हा शिवणबाईने पाय अर्ध्यावर उचलला आणि "आई गं" म्हणाली. तिथे काहीच दुखत नव्हतं. पुढच्या वेळीही तसंच केलं, त्याच्या पुढच्या वेळीही. एकदा खोटं बोलायला सुरुवात केली की त्याला लाकूडफाटा घालत राहावं लागतं. पूर्ण बरा होऊ दे, मग जाईन, असं ती देवाला सांगायची. पूर्ण म्हणजे किती, हे तिने ठरवलं नव्हतं आणि देव काही विचारत नव्हता.

सुनेला मात्र माहीत होतं. तिने एकदा दारातून पाहिलं होतं, सासू टाचा उंचावून वरच्या फळीवरचा डबा काढताना. ती एवढंच म्हणाली, की आई, पाय चांगला चाललाय हो तुमचा. त्यावर शिवणबाईने, माझ्या कळा मलाच ठाऊक, असं काहीतरी पुटपुटून विषय संपवला. सूनही पुन्हा बोलली नाही. तिचं ते न बोलणं शिवणबाईला दिवसभर टोचत राहिलं, गादीत राहिलेल्या सुईसारखं.

शेवटी व्यायामबाईने मुलाला गाठलं. सांधा मोकळा आहे, जखम भरली आहे, तरी या पाय का उचलत नाहीत तेच कळत नाही, ती म्हणाली. दुपारचा व्यायाम नीट होतोय ना, तेवढं बघा. मुलाने मान डोलावली आणि बायकोकडे पाहिलं. दुपारचा व्यायाम सुनेकडे होता.

त्या संध्याकाळी दिवे लागले, शिवणबाई उशा घातलेल्या उंच खुर्चीत नेमाला बसली, आणि कुलपात किल्ली फिरली.

त्याने चप्पलही काढली नाही. व्यायाम करून घेतेस का, विचारलं. सुनेने हो म्हटलं. मग पाय का उचलत नाही, विचारलं आणि उत्तराची वाट न बघता थोबाडीत मारली. सून ओट्याकडे कलंडली. त्याने तिचे केस मुठीत धरून कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा, आणि ती सावरायच्या आत पुन्हा. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं, गालावरून ओघळून धुतलेल्या ताटांवर ठिबकू लागलं. तो खाली पडलेल्या बायकोच्या बरगड्यांत लाथ घालत होता आणि दर लाथेला एकच विचारत होता, आईचा पाय कोणामुळे अडलाय.

सुनेने मान उचलली आणि एका डोळ्याने सासूकडे पाहिलं. एका वाक्याने ती सुटली असती. तुम्ही घरात नसता तेव्हा आई चालतात, बस. शिवणबाईने श्वास रोखला. सुनेने रक्ताळलेले ओठ मिटून घेतले आणि नजर फरशीकडे वळवली.

शिवणबाईचं मौन देवासाठी होतं. त्या पोरीचं कोणासाठी होतं?

मग तो दमला असावा. श्वास शांत झाला. त्याने बायकोला भिंतीला टेकवून बसवलं आणि समोर बसला. तिचा उजवा हात घेतला, एक तळवा कोपराखाली, दुसरा मनगटाभोवती. आवाजात राग नव्हता. "आईला काय होतं ते तुला कळायला हवं," तो म्हणाला, "त्याशिवाय तू मन लावून करणार नाहीस." आणि त्याने हात उलट्या बाजूला न्यायला सुरुवात केली.

त्याची मान किंचित तिरकी झाली. शिवणबाई ती मान रोज सकाळी पाहत होती.

"अजून थोडं," तो म्हणाला.

जिथून कळ उठणार तिथे त्याचे हात थांबले. बरोबर तिथेच, सुतभर अलीकडे. सुनेचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"अजून थोडं. एवढंच."

आणि ती जागा ओलांडून तो सावकाश पुढे गेला. कोपर मोडल्याचा आवाज शिवणबाईने ओळखला. सुनेच्या घशातून जे निघालं ते ओरडणंही नव्हतं, हवा बाहेर पडावी तसं काहीतरी होतं, आणि तिचा हात कोपरातून भलत्याच दिशेला लोंबला.

इतकी वर्षं शिवणबाईने देवाला जे सांगितलं होतं ते त्या क्षणी संपलं. भान सुटलेल्या हातांना कुठे थांबायचं ते कळत नाही. या हातांना कळत होतं. रोज सकाळी तिच्याच पायावर कळत होतं.

पुढचं सगळं त्याने नेटकं केलं. ओल्या फडक्याने बायकोचं कपाळ पुसलं, ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला आणि काय सांगायचं ते पढवलं. ओली फरशी, पाय घसरला, कपाळ ओट्यावर आणि अंग हातावर. घरातल्या फरशीला घसरवायची आता सवयच होती. मग तो आईकडे आला, तिला उठवून खाटेवर निजवलं, दोन गुडघ्यांच्या मधे उशी सरकवून पाऊल सरळ केलं. "उठू नकोस हं," तो म्हणाला, "पाय वळायचा. आम्ही जाऊन येतो." उशीच्या अभ्र्यावर त्याच्या बोटांचे लाल ठसे उमटले.

सून दारात उभी होती. तिने मागे वळून पाहिलं.

"पायाला जपा, आई," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर शिवणबाईला सोसायला सोपा गेला असता.

जिन्यातली पावलं खाली गेली. गाडी सुरू झाली, आवाज लांब गेला. नेमाचा तास अजून उरला होता.

शिवणबाईने मधली उशी काढून बाजूला ठेवली. व्यायामबाईने शिकवलं तसं शहाण्या पायावर भार देऊन उठली. मुलाने ठोकून दिलेल्या शूहॉर्नने बूट चढवले, न वाकता. खुंटीवरून मशीनचा पट्टा काढला, गुंडाळला आणि पिशवीत टाकला. उशीचा अभ्राही काढला आणि घडी घालून त्यावर ठेवला. मग काठी घेतली.

समोरची शेजारीण दार किलकिलं करून उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार, नेहमीच ऐकत असणार. "एकट्या कुठे निघालात या पायाने?" ती कुजबुजली. "मुलाला फोन करू?"

शिवणबाईने नाही म्हणून मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. तिचा नेम शेजारणीला माहीत होता, पण या वेळी बोट कोणासाठी होतं ते तिला कळलं असावं. ती दोन्ही हातांनी दार धरून उभी राहिली.

जिन्याच्या खिडकीतून चौकीचा दिवा दिसत होता. या चालीने तिथे पोहोचेपर्यंत तास भरेल. नाही भरला तर बाहेर थांबेन, आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य खुर्चीचंच असेल, की बाकडं नको, उंच काहीतरी द्या, मला बराच वेळ बसावं लागणार आहे. देवाला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. आता माणसांना सांगायचं होतं.

तिने कठडा घट्ट धरला, काठी खालच्या पायरीवर टेकवली आणि दुखरा पाय आधी उतरवला.