चिंध्यांची आवुळिया

मी एक आवुळिया आहे. म्हणजे समुद्रगाय. आमच्या किनाऱ्यावरची माणसं तिला याच नावानं ओळखतात. मी खरी नव्हे, कापडाची. आत चिंध्या भरलेल्या आहेत, त्यामुळे मला दुखतखुपत नाही. जे समोर घडलं ते सांगते, एवढंच.

तमिळनाडूत, मंडपमच्या पुढे, संगुमुनै नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या बालवाडीत माझा जन्म झाला. एक खोली, एक कपाट, भात शिजवायला मागे पडवी, आणि पडवीपासून वीस पावलांवर समुद्र. शिकवणारी नंबुसेल्वी टीचर याच गावची. तिची आई अजून कमरेला जाळीची पिशवी बांधून शेवाळ काढायला पाण्यात उतरते.

एकदा वरून एक तक्ता आला. ‘समुद्रातील प्राणी.’ त्यावर पेंग्विन होता, सील होता, निळा देवमासा होता. मुलांनी तक्ता नीट बघितला, मग एकानं विचारलं, “टीचर, हा कोट घातलेला कोंबडा कुठल्या जाळ्यात येतो?”  टीचरनं तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी घरून जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आली.

हिरव्या ब्लाउजचं कासव झालं. लाल परकराचा खेकडा झाला. भाच्याच्या शाळेच्या मोज्यांचा ऑक्टोपस झाला, त्याचे दोन पाय आखूडच राहिले. मी टीचरच्या भावाच्या राखी पँटमधून निघाले. पँटचा खिसा नेमका माझ्या पोटावर आला. टीचर तो शिवून टाकणार होती, पण स्वयंपाक करणारी आया म्हणाली, “असू दे की. पोरांना हात घालायला बरं.” मग उरलेल्या कापडाचं एक बोटभर पिल्लू झालं आणि ते खिशात गेलं. डोळ्यांना बटणं लागली, एक मोठं, एक लहान. त्यामुळे मी कायम कुणावर तरी संशय घेतल्यासारखी दिसते. तसं काही नसतं.

खेळ साधा होता. एक निळी साडी जमिनीवर अंथरायची. मुलांनी भोवती बसून तिचे काठ हलवायचे, म्हणजे लाटा. प्रत्येकाच्या हातात एक प्राणी. टीचर कोडं घालायची: घर पाठीवर घेऊन कोण फिरतं? आडवं कोण चालतं? ज्याचा प्राणी त्यानं साडीवर उडी मारायची आणि त्या प्राण्यासारखं वागायचं.

माझी पाळी आली की सगळ्यांनी श्वास रोखायचा. कारण मी मासा नाही. मला नाक आहे, मी पिल्लाला दूध पाजते, आणि दर थोड्या वेळानं मला हवा घ्यायला वर यावं लागतं. टीचर बोटं मोजायची. मुलांचे गाल फुगायचे, डोळे बाहेर यायचे, मग ‘फुस्स’ करून सगळी वर यायची आणि लोळून हसायची. शेवटी दोन मुलं हातात हात घालून जाळं व्हायची. मासा अडकला तर ठीक आहे, आपण खातो. आवुळिया अडकली तर जाळं लगेच उघडायचं, नाहीतर ती बुडून मरते.

“पाण्यात राहणारी पाण्यातच कशी बुडते?” मुलं दर वेळी विचारायची, आणि टीचर दर वेळी पुन्हा सांगायची.

माझ्यावर हक्क होता कायलविळीचा. पाच वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. दुसऱ्या मुलाच्या हातात मी पोहायचे, तिच्या हातात मी चरायचे. किनाऱ्यावर वाहून आलेलं गवत ती मुठीत धरून आणायची आणि माझ्या तोंडाला लावून बराच वेळ बसायची. घाई नाही. खरी आवुळिया अशीच चरते, असं तिला तिच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, सांगितलं होतं.

तिचा अप्पा वेलुच्चामी तिला सोडायला यायचा तेव्हा दारातच थांबायचा. अंगावर नेहमी माशांचा वास, म्हणून आत पाऊल टाकायचा नाही. टीचरला चिडवायचा मात्र.

“समुद्रात कोण राहतं हे कोळ्याच्या पोरीला तुम्ही शिकवणार, टीचर? मग आम्ही इथं भात शिजवायला येतो.”

“या की,” टीचर म्हणायची. “आयाला तेवढीच सुट्टी.”

असे दिवस होते. मग एका सोमवारी कायल स्टीलचा डबा घेऊन आली. अम्मानं दिलाय, म्हणाली. टीचरनं झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण पुन्हा लावलं. काही विचारलं नाही. डबा कपाटात माझ्या शेजारी ठेवला. अजून कोमट होता. त्या दिवशी निळी साडी बाहेर आली नाही. मुलांना पाटीवर रेघोट्या काढायला बसवलं. कायल मला मांडीवर घेऊन खिशातलं पिल्लू बाहेर काढत होती, आत घालत होती. संध्याकाळी टीचर डबा पिशवीत घालून घरी घेऊन गेली. तिनं तो खाल्ला, आईला दिला की पुरला, मला माहीत नाही. मी तिच्या घरी कधी गेलेले नाही. दुसऱ्या दिवशी डबा घासून परत गेला.

नऊ दिवसांनी पाहुणे आले. चिंध्यांतून समुद्र शिकवणाऱ्या बालवाडीची गोष्ट वरपर्यंत गेली होती. एक मॅडम, दोन कारकून आणि वनखात्याची दोन माणसं. टीचरनं ठेवणीतली साडी नेसली होती. मुलांच्या डोक्याला तेल, कपाळाला विभूती. खेळ झाला. कासव झालं, खेकडा झाला, पाहुणे हसले. मग मी आले, सगळ्यांनी श्वास रोखला, पाहुण्यांनीसुद्धा. मॅडम फार खूश झाल्या. त्यांनी खाली वाकून कायलला विचारलं, “मग आवुळिया जाळ्यात अडकली तर काय करायचं?”

“सोडायची,” कायल म्हणाली. मग म्हणाली, “अप्पांनी नाही सोडली.”

मॅडम हसतच होत्या. “का बरं?”

“ती मेलेली होती. मग कापली. पोटात एवढं पिल्लू होतं.” तिनं हातानं दाखवलं. माझ्या खिशातल्यापेक्षा पुष्कळ मोठं.

पडवीत आयाच्या हातातला डाव थांबला. टीचर पुढे झाली. “लहान आहे, मॅडम. गोष्टीतलं सांगतेय. मी गोष्टी फार सांगते ना.”

कायल टीचरकडे वळली. तिला राग आलेला नव्हता. टीचर विसरली असेल, असं तिला वाटलं असावं.

“गोष्ट नाही, टीचर. तुम्हाला डबा आणला होता की.”

वनखात्याच्या एका माणसानं खिशातून वही काढली. मुलांना वाटलं खेळ अजून चालू आहे, त्यांनी साडीचे काठ हलवायला सुरुवात केली.

दुपारी वेलुच्चामीच्या घरात मिठाच्या मडक्यात वाळवलेले तुकडे सापडले. त्याला घेऊन गेले. आवुळिया मारणं, कापणं, घरात ठेवणं, सगळ्यालाच कायद्यानं शिक्षा आहे. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि जाळ्यात मेलेली मिळाली तर मुकाट्यानं वाटून खातात, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

चार दिवसांत बालवाडी रिकामी झाली. टीचर खेळायला लावते आणि पोरांच्या तोंडून घरातलं काढून घेते, असं बायका नळावर बोलत होत्या. आया म्हणाली, टीचरला बघून बायका घागरी उचलून दुसऱ्या रांगेत गेल्या. कायलची अम्मा पंजवर्णम एकदा दारात आली. रडली नाही, भांडली नाही.

“तुझं कापडाचं जनावर सुखरूप आहे ना, सेल्वी?” एवढं विचारून ती गेली.

पण मुलं सगळी बंद झाली तरी एक येत होती. कायलच. तिची अम्मा धाकट्याला कडेवर घेऊन रोज कोर्टकचेरीकडे जायची, आजी मासे वाळवायला किनाऱ्यावर. पोरीला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. आजी तिला दाराशी आणून सोडायची आणि टीचरकडे न बघता परतायची. खोलीत दोघीच. टीचर भात वाढायची, कायल खायची. टीचरनं एकदा निळी साडी काढली, पसरली, आणि घडी घालून परत ठेवली. दोघींनी काय खेळायचं?

टीचरला वनखात्याच्या कचेरीतून दोनदा बोलावणं आलं. डबा आला होता का, असं विचारलं. दोन्ही वेळा तिनं नाही म्हणून सांगितलं. आयानंही नाही सांगितलं. म्हणजे एकच माणूस हो म्हणत होतं, आणि ते पाच वर्षांचं होतं. घरी आजी रोज सकाळी वेणी घालताना तिच्याकडून घोकून घेत होती: साहेब आले की सांगायचं, मी खोटं बोलले.

एका दुपारी टीचरनं विचारलं, “कायल, पाणी हवं का?”

“मी खोटं बोलले,” कायल म्हणाली.

टीचरला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. “पाणी, पाणी. तहान लागलीय का?”

“मी खोटं बोलले.”

त्या दिवशी तिला जे विचारावं त्याला हेच उत्तर. भूक लागली का, झोप आली का, ही चप्पल कुणाची आहे. आवाजात काही नव्हतं. पाढा म्हणावा तसं. टीचर तिच्यासमोर जमिनीवर बसली. मग तिनं पोरीला आयाच्या स्वाधीन केलं, खोलीला कुलूप लावलं आणि दुपारच्या बसनं त्या कचेरीत गेली. तिनं लिहून दिलं: डबा आला होता. त्यात काय आहे हे मला कळलं होतं. मी घरी नेला. मी आधी खोटं सांगितलं. मुलगी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती.

हे मला कसं कळलं? परत आल्यावर तिनं ते शब्दन् शब्द आयाला सांगितले. आयानं कपाळावर हात मारला. “तुझी नोकरी गेली आणि त्याचीही सुटका लांबली. कुणाचं भलं झालं यात?”

“माहीत नाही,” टीचर म्हणाली. “ती खोटी नव्हती.”

वेलुच्चामी जामिनावर सुटून आला तेव्हा बालवाडीत टीचरचा शेवटचा आठवडा चालू होता. तो कायलचा हात धरून आला आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत बसला. लहान मुलांच्या चटईवर तो मावत नव्हता. दाढी वाढली होती. माशांचा वास नव्हता.

“तुम्ही लिहून दिलंत म्हणे.”

“हो.”

“बरं केलंत.” चटईचा काठ नीट करत म्हणाला, “दुपारची वेळ होती, टीचर. जाळं टाकून मला डुलकी लागली. ती अडकली तेव्हा माझ्यापासून आठ-दहा हातांवरच होती. वर घेतलं तेव्हा तिचं अंग अजून गरम होतं. वाया कशाला घालवायची, असं वाटलं.”

मग तो कायलकडे वळला. मुलीशी असं बोलायची त्याला सवय नव्हती, शब्द जुळवत जुळवत बोलला. “अप्पानं केलं म्हणून अप्पाला नेलं. तू सांगितलंस म्हणून नाही. ऐकलंस?”

कायलनं मान हलवली. हो म्हणून हलवली की त्याला बरं वाटावं म्हणून, ते सांगता येणार नाही. तो पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला आणि ती पुन्हा पुन्हा मान हलवत राहिली.

याला दोन वर्षं झाली. सेल्वी टीचर आता आईबरोबर शेवाळ काढायला जाते. खटला चालू आहे, तारखेला वेलुच्चामी जातो, एरवी समुद्रावर असतो. बालवाडीत नवी टीचर आहे, चांगली आहे. मुलं परत आली. प्लास्टिकचे नवे प्राणी आले, पिळल्यावर चूं करतात. मी खिडकीत असते. उन्हानं माझा राखी रंग एका बाजूनं पांढुरका झाला आहे, शिवण उसवते आहे. पिल्लू मागच्या वर्षी कुणीतरी घरी नेलं.

तुम्हीही मुलांना खेळातून शिकवत असाल. शिकवा. मुलं फार लवकर शिकतात. फक्त ते शिकलेलं ती आपल्याच घरी आणून दाखवणार आहेत, एवढं ध्यानात असू द्या. तेव्हा तोंड फिरवू नका. माझ्या पोटात चिंध्या आहेत, मला चालतं. तुमचं तसं नाही.

परवा कायल अम्माबरोबर धाकट्या भावाला न्यायला आली होती. सात वर्षांची झाली आहे, दात आले आहेत, शाळेत हुशार आहे म्हणतात. नव्या टीचरनं भावाचं दप्तर तिच्या हातात देता देता सहज विचारलं, “काय गं, आज घरी जेवायला काय केलंय?”

कायलनं आधी अम्माच्या तोंडाकडे बघितलं. मग टीचरच्या. दोघींच्या तोंडावर काही दिसेना, म्हणून पुन्हा एकदा अम्माकडे बघितलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

टीचर हसली, अम्माही हसली, आणि ती तिघं घरी गेली.