एकशे बाराव्या पानावरची दुसरी ओळ

बोलते आहे ती मी, जन्मांची वही. नऊ वर्षं गावात जन्मलेलं प्रत्येक पोर माझ्या पानांवर उतरलं, आणि आज मलाच विचारतात, तू अजून इथे कशाला? मग मी गप्प कशी बसू?

मला एका बुटक्या बाइंडरने बांधलं. जाड कागद, दोऱ्याची दुहेरी शिवण, कापडी पाठ. "ही माझ्या मागेही टिकेल," तो म्हणाला, आणि टिकले. कचेरीत आले तेव्हा माझे रकाने आखून झाले होते: तारीख, मुलगा की मुलगी, बापाचं नाव, बापाचा धंदा, घर. आईला रकाना नव्हता. नऊ महिने जिने ओझं वाहिलं, तिला अख्ख्या पानावर बोटभर जागा नाही. आखणारा काय झाडाला लागला होता?

माझा कारकून अक्षराने मोती आणि स्वभावाने मऊ. दर शनिवारी सुईणबाई आठवड्याचे जन्म सांगायला यायच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण त्या कुणाला ऐकणाऱ्या नव्हत्या.

"आईचं नाव लिहा."

"बाई, रकाना नाही."

"मग पोर काय बापाच्या खिशातून पडलं? कडेला लिहा. कड रिकामीच आहे."

कारकून हसायचा आणि पेन्सिलीने कडेला लिहायचा. माझं खरं शहाणपण त्या कडेला आहे.

एका शनिवारी सुईणबाईंनी जुळ्या मुली सांगितल्या. एकशे बारावं पान, एकाखाली एक दोन ओळी. तीच तारीख, तोच बाप, तेच घर, मुलगी, मुलगी. जन्माच्या आठवड्यात नावं कुठली ठरलेली असायला? तीन वर्षांनी बाई परत आल्या. पोरींची आई तापाने गेली होती, आणि बाप कामाला म्हणून गेला तो गेलाच.

"लिहा," बाई म्हणाल्या. "थोरली आत्याने नेली, धाकटी अनाथाश्रमात. उद्या एकमेकींना शोधत आल्या तर कचेरीने काय हात हलवत परत पाठवायचं?"

कारकुनाने आत्याचं गावसुद्धा लिहिलं.

मग मी भरले आणि तळघरात गेले. ऐंशी वर्षं. कसरीने कोपरे खाल्ले, गळक्या नळाने पाठ फुगवली, आणि वर कुणाला माझी आठवण नाही. मग एकदम आमचा भाव वधारला. आपल्या आजोबांचे आजोबा कोण, हे लोकांना हवंसं झालं. कचेरीने ठरवलं, जुन्या वह्या संगणकात घालायच्या; नाव टाकलं की नोंद समोर. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

दोन मुली मला टाइप करायला बसल्या. एकीने विचारलं, "सर, हे कडेचं पेन्सिलीचं घ्यायचं?"

साहेबांनी मानही वर केली नाही. "रकान्यात आहे तेवढंच."

गेलं माझं शहाणपण. पण पुढचं ऐका. यादी झाल्यावर साहेबांनी दुबार नोंदी साफ करायला घेतल्या. तारीख तीच, बाप तोच, घर तेच, तर एक ठेवा, एक उडवा. सगळ्या वह्या मिळून चौदाशे ओळी एका दुपारी उडाल्या. साहेबांना त्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. भिंतीवर टांगलंय, काच रोज पुसतात. साहेब, काच पुसता तशी एखादी वही उघडून पाहिली असतीत तर बोटं झडली असती का? जुळी माणसं तुम्हाला चुकून दोनदा लिहिलेली वाटली?

आणि आता वह्या कशाला, संगणकात आहेच सगळं. आम्हाला सुतळीने बांधून खिडकीमागे टाकलं. ट्रक सोमवारी येणार होता.

शुक्रवारी एक शिंपीणबाई आल्या. साठी उलटलेली, गळ्यात टेप तसाच. आईच्या अनाथाश्रमातल्या कागदावरून बापाचं नाव आणि तारीख आणली होती. खिडकीवरच्या कारकुनाने बटणं दाबली.

"ही बघा. पान एकशे बारा, एक मुलगी."

"एकच?"

"एकच, काकू."

"माझी आई एक्याण्णवची आहे. जन्मभर सांगते, माझ्याच तोंडवळ्याची एक होती, आम्ही एका ताटात जेवायचो. सगळे म्हणाले, आरशात पाहिलं असशील. आता तिलाही तसंच वाटायला लागलंय."

"संगणक खोटं नाही बोलत."

"मी पंचेचाळीस वर्षं कपडे शिवते. दुसऱ्याने लिहून आणलेल्या मापावर कधी कापड कापलं नाही, अंगाला टेप लावते. वही काढा."

"वह्या रद्दीत निघाल्यात."

"निघाल्यात कुठे? तुमच्या पायाशी तर आहेत."

"बघायला परवानगी लागते, काकू."

"फेकायला लागली नाही, बघायला लागते?"

बाई दार ढकलून खिडकीमागे आल्या. पिशवीतून कात्री काढली आणि सुतळी कापली.

तारखेवरून मला हुडकून त्यांनी एकशे बारावं पान उघडलं. दोन ओळींवरून बोट दोनदा फिरवलं, मग कडेची पेन्सिल वाचली. आजीचं नावही त्यांनी तिथेच पहिल्यांदा वाचलं. तिथूनच फोन लावला.

"आई, दोघी होत्या. वहीत आहे."

पलीकडून एक बारीक आवाज आला, "मोठी कोण?"

"ती."

"वाटलंच. हात तीच धरायची."

आत्याचं गाव लिहून घेऊन शिंपीणबाई गेल्या, पण आधी अर्ज दिला: उडवलेली ओळ परत घाला. कचेरीचा नियम बघा, अशा अर्जाला मूळ वही पुरावा म्हणून लागते. म्हणून मी वाचले. आता साहेबांच्या कपाटात, त्या प्रशस्तिपत्राच्या समोरच पडून आहे. यादीत अजून एकच मुलगी आहे.

मला शोधण्याजोगी करा, माझी ना नाही. त्यासाठीच तर मला लिहिलं. पण जे शोधायला माणसं येतील, ते आधी उडवू नका. कड वाचा. संशय आला तर वही उघडा, आम्ही चावत नाही.

माझ्या शेजारच्या वह्या सोमवारच्या ट्रकने गेल्या. त्यांच्यासाठी कात्री घेऊन कुणी आलं नाही.